रंगात वाळू का मिसळायची?

न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’च्या संग्रहात मोहन सामंत यांचे १९६३ सालचे एक चित्र आहे, ‘ग्रीन स्क्वेअर’. त्याच्या नोंदीत माध्यमापुढे तीन गोष्टी लिहिल्या आहेत : सिंथेटिक पॉलिमर रंग, वाळू आणि तैलरंग. दोन रंगांच्या मध्ये वाळू वाचून माणूस थबकतो. घराच्या बांधकामावर दिसणारी ही वस्तू चित्रात कशाला? किनारा किंवा वाळवंट दाखवायला ती आलेली नाही. ती तिथे वाळू म्हणूनच आहे.

कॅनव्हासवर नुसता तैलरंग लावला की पृष्ठभाग सपाट आणि तुकतुकीत होतो. त्याच रंगात वाळू कालवली की प्रत्येक कणाला स्वतःची बारीक सावली मिळते, प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रंग दबलेला, जुना, वजनदार दिसू लागतो. हिरवा तोच, पण त्याची चमक जाते आणि त्याला वस्तुमान येते. रंग जास्त लागतो, कारण कणांमधल्या फटी भरायच्या असतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ब्रश अडखळतो. लांब, सफाईदार रेघ ओढताच येत नाही. वर्षानुवर्षे घटवलेला हात त्या खरखरीत जागेवर नवशिका होतो.

मिश्र माध्यमाच्या, त्यातही अमूर्त चित्राच्या प्रक्रियेची किल्ली मला इथे सापडते. चित्रकार वाळू, कापड, तार, कागद घेतो ते चित्र नटवण्यासाठी, अशी समजूत बरीच पसरलेली आहे. माझे मत वेगळे आहे. आपल्याकडच्या चांगल्या चित्रकारांनी परके साहित्य हाती घेतले ते स्वतःच्या हाताची सवय मोडण्यासाठी. हाताला जे आधीच येते तेच तो पुन्हा पुन्हा करत राहतो. त्याला अडवायला समोर काहीतरी हट्टी लागते.

सामंतांचा हात किती तयार होता हे त्यांच्या सुरुवातीच्या कामावरून कळते. १९२४ साली मुंबईत गोरेगावला त्यांचा जन्म झाला. १९५२ साली त्यांनी सर ज. जी. (जे. जे.) कला महाविद्यालयाची पदविका घेतली. तिथे शंकर पळशीकर त्यांचे शिक्षक होते. लघुचित्रांची परंपरा अभ्यासून त्यांनी कागदावर जलरंगात केलेली तेव्हाची कामे सफाईदार आणि नेटकी आहेत. त्याच सुमारास ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. पुढे १९५७-५८ मध्ये इटली सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते रोमला गेले. त्या दशकात इटलीत अल्बेर्तो बुर्री फाटकी गोणपाटे शिवून, जाळून त्यांची चित्रे करत होता. स्पेनमध्ये आंतोनी तापिएस रंगात संगमरवराची भुकटी आणि वाळू मिसळत होता. युद्धातून बाहेर पडलेल्या युरोपात गुळगुळीत कॅनव्हासवरचा विश्वास उडाला होता. १९५९ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन सामंत न्यूयॉर्कला पोचले तेव्हा लघुचित्रांचे बारीक काम करणारे त्यांचे बोट वाळूत रुतायला तयार होते.

परके साहित्य चित्रात आणण्याची सुरुवात त्याआधी जवळजवळ अर्धशतक झाली होती. १९१२ साली पॅरिसमध्ये पाब्लो पिकासोने एका लहानशा लंबगोल चित्रात खुर्चीच्या वेताच्या जाळीची छपाई असलेले मेणकापड चिकटवले आणि भोवती दोराची चौकट लावली. वेताची जाळी हाताने हुबेहूब रंगवता येणे ही तोवर कौशल्याची परीक्षा होती. पिकासोने बाजारातला तयार तुकडा आणून ती परीक्षाच रद्द केली. त्यानंतर जर्मनीत कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटे, वेष्टने, लाकडाचे ढलपे गोळा करून चित्रे जुळवली. एकदा हे दार उघडल्यावर जगातली कोणतीही वस्तू चित्राला वर्ज्य राहिली नाही. मग खरी अडचण उभी राहिली ती निवडीची.

रसायनशास्त्रानेही हात दिला. तैलरंग वाळतो तो हवेतला प्राणवायू घेऊन. जाड थर आतून पक्का व्हायला महिने लागतात, कधी वर्षेही. ॲक्रिलिकचे तसे नाही. त्यात पॉलिमरचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की कण एकमेकांना भिडून एकजीव होतात आणि लवचीक पापुद्रा तयार होतो, जो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारे असे रंग १९५०च्या दशकात बाजारात येऊ लागले. वाळू, कागद, कापड धरून ठेवणारा जलद वाळणारा गोंद आणि रंग एकाच डब्यात मिळू लागला. एक नियम मात्र पाळावा लागतो. वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग बसतो, पण तैलरंगावर ॲक्रिलिक लावले तर ते पुढे पापुद्र्यासारखे सुटते. पाण्याचे पक्के थर खाली आणि तेलाचे वर, हा क्रम चुकला की चित्र काही वर्षांत स्वतःच उत्तर देते.

सामंत १९६४ साली मायदेशी परतले आणि १९६८ साली कायमचे न्यूयॉर्कला गेले. २००४ साली त्यांचे निधन झाले तोवर ते तिथेच राहिले. ते सारंगीही वाजवत. सारंगीत पडदे नसतात. स्वर नखाच्या मुळाशी तार दाबून शोधावा लागतो. नंतरच्या काळात त्यांच्या चित्रांत तारा आल्या, त्याही खऱ्या. धातूची तार वाकवून ते माणसे, प्राणी, हात, चेहरे घडवत आणि रंगवलेल्या पृष्ठभागाच्या पुढे बसवत. कागदाची कात्रणेही लावत. त्यामुळे रेघ कॅनव्हासवरून उठून हवेत आली आणि मागच्या रंगावर तिची सावली पडली. एका रेघेच्या दोन रेघा झाल्या. त्यांच्या चित्रांत आकृत्या येत-जात राहिल्या म्हणून काही जण त्यांना अमूर्त चित्रकार म्हणायला कचरतात. मला ती वाटणी फारशी उपयोगाची वाटत नाही. तारेचा माणूस पुढे उभा असला तरी मागची भिंत रंग, पोत आणि खाचा यांनीच बोलत असते. अमूर्त विचार तिथेच चाललेला असतो. एवढे काम केलेल्या या चित्रकाराबद्दल मराठीत फार थोडे लिहिले गेले, याची खंत वाटते.

हाताच्या सवयीचा हाच प्रश्न घेऊन आता नाशिकला येऊ. इथल्या चित्रकलेची ओळख म्हणजे जलरंगातले निसर्गचित्र. गोदाघाटावर पहाटे बोर्ड मांडीवर घेऊन बसलेले विद्यार्थी आजही दिसतात. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने घाट, देवळे, वाडे आणि बाजार यांचा प्रकाश कागदावर पकडला आणि पिढ्यांना ती दृष्टी दिली. त्यामुळे नाशिककराला चित्रात ओळखीचे काहीतरी हवे असते : हा रामकुंड, तो नारोशंकराच्या मंदिराचा कळस. कुसुमाग्रज स्मारकात किंवा अन्यत्र अमूर्त चित्रांचे प्रदर्शन लागले की ‘हे काय आहे?’ हा प्रश्न हमखास येतो. तो विचारण्यात चूक काही नाही. या शहराने पाहायला शिकवले ते ओळखून पाहायला.

पण याच शहरात निव्वळ रंगाचाही एक जुना, दणदणीत अनुभव आहे. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. शनी चौक, तिवंधा, दहीपूल या भागांतले हे पेशवेकालीन हौद वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेले असतात आणि वरून रहदारी चालू असते. रंगपंचमीआधी ते खणून मोकळे करतात, पूजा होते, पाण्यात रंग कालवला जातो आणि लोक त्यात उड्या घेतात. प्रत्येक रहाडीचा रंग परंपरेने ठरलेला : कुठे पिवळा, कुठे केशरी, कुठे गुलाबी. रंगाने भरलेल्या त्या हौदात उडी मारणारा ‘हा पिवळा कशाचा?’ असे विचारत नाही. तो रंगात बुडतो, डोळ्यांत-कानांत रंग घेऊन वर येतो. वस्तूचा आधार न घेता रंग माणसाला भिडू शकतो हे नाशिकला कुणी शिकवायची गरज नाही. मोठ्या अमूर्त कॅनव्हाससमोर उभे राहताना हीच तयारी पुरते.

जलरंगाची तालीमही वाया जात नाही. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदाचा पांढरा राखायचा असतो. कुठे हात लावायचा नाही हे आधी ठरवावे लागते. घाटाचे चित्र करताना डोळे किलकिले करून तपशील पुसून टाकायचे आणि फक्त गडद-फिकट पट्टे पाहायचे, हे प्रत्येक शिक्षक सांगतो. त्या क्षणी विद्यार्थ्यासमोर अमूर्त चित्रच असते. पुढे तो त्यात खिडक्या आणि माणसे भरतो. काही जण भरायचे थांबतात. इतकाच फरक, पण तो थांबा पचवायला वर्षे जातात, कारण हात भरायला सरावलेला असतो.

वासुदेव गायतोंडे यांनी हे थांबणे टोकाला नेले. जन्म १९२४, नागपूर. सामंतांच्याच वयाचे, त्याच महाविद्यालयातून १९४८ साली बाहेर पडलेले, आणि १९६४ साली त्याच रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेले. सामंत साहित्य वाढवत गेले, गायतोंडे कमी करत गेले. त्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि रोलर व पॅलेट नाइफ घेतली. रोलर म्हणजे छपाईच्या आणि रंगकामाच्या दुनियेतले अवजार. त्याला हस्ताक्षर नसते. रंगाचा पातळ थर रोलरने पसरायचा, सुरीने खरवडायचा, कागदाच्या फाटक्या तुकड्यांनी कुठे रंग उमटवायचा तर कुठे उचलून घ्यायचा, मग पुन्हा थर. ओल्या थराखालून आधीचा थर उजळतो आणि प्रकाश चित्राच्या आतून आल्यासारखा वाटतो. वर्षाकाठी त्यांचे मोजकेच कॅनव्हास पुरे होत. बाकीचा वेळ पाहत बसण्याचा. १९७२ साली ते दिल्लीला राहायला गेले. १९८४ साली झालेल्या एका अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासचे काम थांबले तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान चित्रे केली. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, त्याच्या शीर्षकातच प्रक्रिया आणि जगणे हे दोन्ही शब्द होते. नाव समर्पक होते.

प्रभाकर बरवे यांनी तिसरी वाट काढली. १९३६ साली अलिबागजवळच्या नागावला जन्म, १९५९ साली जे. जे.ची पदविका. १९६१ पासून काही वर्षे ते वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात होते. तिथे चित्रकार विणकरांसाठी आकृतिबंध तयार करत. वाराणसीत तंत्रमार्गाच्या प्रतिमांशी त्यांचा परिचय झाला आणि त्या काळातल्या कामात त्याच्या खुणा दिसतात. नंतर त्यांनी दारे-खिडक्यांना लावायचा इनॅमल रंग कॅनव्हासवर वापरला. इनॅमल आपणहून पसरून सपाट होतो, ब्रशचा ओरखडा मागे ठेवत नाही. म्हणजे इथेही हाताची खूण पुसायचीच होती, फक्त उलट्या मार्गाने. बरवे वह्या ठेवत. पान, सफरचंद, घड्याळ, एखादा आकार, त्याशेजारी मराठीत टिपण, पुन्हा तोच आकार थोडा बदललेला. १९९० साली आलेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्रकाराने मराठीत केलेल्या विचाराचा फार मोलाचा ठेवा आहे. ज्याला चित्र करायचे आहे त्याने ते वाचावेच, आणि ज्याला फक्त पाहायचे आहे त्यानेही.

पळशीकरांचेच विद्यार्थी प्रभाकर कोलते, पुढे स्वतः जे. जे.त शिकवणारे, थरांशी वेगळा खेळ करतात. खाली रंगांची गजबज उभी करायची, मग वरून एकाच रंगाने ती झाकत आणायची आणि काही फटी राखायच्या. पाहणाऱ्याला जे दिसते त्याहून जास्त खाली आहे याची जाणीव त्या फटी देतात. झाकणे ही इथे रंगवण्याइतकीच सर्जक कृती आहे. चांगल्या जमलेल्या भागावरून रंग फिरवायला धैर्य लागते.

नाशिकमध्ये बसून मिश्र माध्यमात काम करायचे तर साहित्याला तोटा नाही. लासलगावच्या बाजारातली कांद्याची गोणपाटे आहेत. निर्यातीच्या द्राक्षघडांवर पिंक बेरी, म्हणजे मणी गुलाबी पडणे, टाळण्यासाठी गुंडाळलेले, उन्हाने पिवळे पडलेले वर्तमानपत्री कागद आहेत. तांबट आळीतले पत्र्याचे कातरण आहे. तांब्यावर मीठ आणि व्हिनेगर लावून ठेवले की हिरवट थर धरतो. काळा बेसाल्ट तर पायाखालीच आहे, आणि त्याच्या पोकळ्यांत काय काय स्फटिक वाढतात ते सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहता येते. येवल्याच्या पैठणीच्या चिंध्या आहेत. मोह होतो. पण पैठणीचा तुकडा चिकटवला म्हणून चित्र नाशिकचे होत नाही. ते आठवणवस्तूंचे दुकान होण्याचा धोका जास्त. कापडाने चित्रात स्वतःचे काम करायला हवे : रंग शोषून घ्यावा, कडा उसवून रेघेला उत्तर द्यावे, जरीने प्रकाश अडवावा. ते कापड काढून पाहिले आणि चित्राचे काही बिघडले नाही, तर ते तिथे नको होते. ही कसोटी मी कुठल्याही मिश्र माध्यमाच्या चित्राला लावतो.

हवामानही हातात अवजार घेऊन उभे असते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळते. पाण्याचा फवारा मारत राहावे लागते किंवा मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये उलट. पांढऱ्या गोंदाचा जाड थर आतून ओलाच राहतो, कागदाला पोक येतो, गोणपाटाला बुरशी धरते. म्हणून मुरलेला चित्रकार पावसाळ्यात चिकटवण्याचे काम कमी करतो आणि कोरडी रेखाटने, वह्या, जुन्या कॅनव्हासची पाहणी यांकडे वळतो. किनाऱ्यावरची वाळू वापरायची तर ती गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन घ्यावी लागते, नाहीतर तिच्यातले मीठ पुढे ओल ओढून थर फोडते. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असते, तो पिवळा पडून ठिसूळ होणारच. तो पिवळेपणा चित्राला हवा असेल तर ठीक. नको असेल तर आधीच आम्लविरहित कागद घ्यावा.

कामाचा क्रम बाहेरून पाहणाऱ्याला विचित्र वाटतो. कॅनव्हास आधी गेसोचे अस्तर देऊन कोरडा आणि पकड घेणारा करायचा. त्यावर पहिला डाग, पहिले चिकटवणे. यात फारसा विचार नसतो आणि नसावाही. कोरेपणाची भीती मोडायची असते. मग चित्र भिंतीला टेकवून दूर जायचे. उलटे करून पाहायचे, आडवे, उभे. उलटे केल्यावर डोळा आकारांना नावे देणे थांबवतो आणि वजन तोलू लागतो : डावीकडे भार फार झाला का, हा काळा मागे जातो की पुढे येतो. मधेच चित्रात डोंगर दिसू लागतो. जलरंगात वाढलेल्या हाताला लगेच तो डोंगर पुरा करावासा वाटतो. इथे चित्रकाराला ठरवावे लागते, डोंगर ठेवायचा की मोडायचा. पुष्कळदा तो मोडल्यावर जी जागा रिकामी होते तिथून चित्र खरे सुरू होते.

आणि संपते कधी? निसर्गचित्रात समोरचे दृश्य मोजपट्टी म्हणून असते. इथे तीही नाही. काही चित्रकार म्हणतात की आणखी काही केले तर बिघडेल असे वाटले की थांबायचे. मला यापेक्षा कठोर कसोटी बरी वाटते. चित्र काही आठवडे भिंतीकडे तोंड करून ठेवावे, मग एकदम वळवावे. पहिल्या नजरेत डोळा ज्या जागी जाऊन खटकतो ती जागा अजून तुमची आहे, चित्राची झालेली नाही. तिथे काम बाकी आहे.

मिश्र माध्यमाचे चित्र भिंतीवर गेल्यावरही काही निर्णय उरतातच, विशेषतः उजेडाचे. समोरून सपाट उजेड टाकला तर वाळूचा पोत मरतो आणि छापील फोटो पाहिल्यासारखे वाटते. वरून किंवा बाजूने तिरका झोत आला की कण, खाचा, शिवणी जिवंत होतात. सामंतांच्या तारांच्या चित्रांत तर दिव्याची जागा हातभर सरकली तरी मागची सावली लांबते, रेघांचा आपसातला हिशेब बदलतो. म्हणून अशा प्रदर्शनात चित्राच्या अगदी बाजूला, भिंतीलगत उभे राहून पृष्ठभागावरून तिरपी नजर टाकावी, मग मधोमध यावे, आणि मग पुन्हा दुसऱ्या बाजूला जावे. दिवा कुठे आहे तेही मान वर करून पाहून घ्यावे.